नाशपातीची खालची फूट

माझ्या बाबांचा एकच धर्म होता. कलमाच्या जोडाखाली जे काही फुटेल ते उपटायचं. देव, उपास, पंचांग हे सगळं आईकडे. बाबांकडे हा एवढा एक नियम. तिगावला राहून त्यांनी जन्मभर संत्र्याची कलमं बांधली. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाची साल चिरायची, तिच्यात चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बुडाचा कोंब, बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि डोळा फुटला की जंबेरीचं डोकं उडवायचं. मग वरचं अंग संत्र्याचं आणि पाय जंबेरीचे. पण जंबेरी जातीची हट्टी. ती जोडाखालून काटेरी फूट काढतच राहते, आणि वेळेवर ती काढली नाही तर संत्रा खंगतो आणि जंबेरी माजते. म्हणून बाबा कोणाच्याही बगिच्यात गेले की आधी खाली वाकायचे. मालकाला रामराम नंतर.

खालची फूट ठेवणारा माणूस झाडाचा वैरी, असं ते म्हणायचे. एकदा माझ्या सासरी सौंसरला पहिल्यांदा जेवायला आले होते, तर हात धुवायला म्हणून मागे गेले आणि माझ्या सासऱ्यांच्या लिंबाची फूट मोडून आले. सासऱ्यांनी हसून ताटं वाढायला सांगितली. मी मात्र लाजेनं मेले, आणि रात्री फोन करून त्यांना चांगलं सुनावलं. त्यांचं उत्तर एवढंच की लिंब आता बरा राहील.

नाशपाती आमच्याकडे कशी आली ते सांगते, कारण पांढुर्ण्याच्या बाजूला नाशपाती कोणी लावत नाही. आमच्याकडचे लोक नागपंचमीच्या आधी नागद्वारीच्या यात्रेला जातात, पचमढीचे डोंगर चढून. आईबाबाही गेले होते. तिथे उतरताना आईचा पाय मुरगळला आणि दोघं एका बागेच्या माळ्याच्या झोपडीत दोन दिवस पडून राहिले. माळ्यानं आईला नाशपाती खाऊ घातली. आई अजून सांगते की तिनं तशी गोड वस्तू आधी खाल्ली नव्हती, आणि पाय दुखत होता म्हणून जास्तच गोड लागली. बाबांनी माळ्याला विचारलं, कलम आहे का. होतं. डोंगरातल्या रानटी काटेरी नाशपातीवर बांधलेलं, हातभर उंच. बाबांनी ते ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन आणलं आणि मागच्या अंगणात भिंतीच्या कडेला लावलं. आईला म्हणाले, आता पाय न मुरगळता खाशील.

झाड जगलं, हेच नवल. आमच्या उन्हाळ्यात त्याची पानं करपायची, बाबा त्याला जुन्या लुगड्याचा आडोसा करायचे. पाचव्या वर्षी माघात ते असं फुललं की आईनं शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं. पांढरी शुभ्र फुलं, मधमाश्यांची घोंघों, आणि मग पंधरा दिवसांत सगळं खाली. एक फळ नाही. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच.

बाबांनी संत्र्याला जे करतात ते सगळं केलं. पाणी तोडून ताण दिला. मुळं उघडी केली, झाकली. शेणखत, निंबोळीची ढेप, ताक, गूळ. बोरगावच्या कोणीतरी सांगितलं म्हणून खोडात खिळा ठोकला, आणि मग वाईट वाटून काढला. गावातले लोक येता-जाता विचारायचे, काय म्हणते तुमची नाशपाती? ज्यांच्या बगिच्यातली झाडं बाबांच्या हातची होती तेच जास्त विचारायचे. बाबा हसायचे, पण आत घरात येऊन आईला म्हणायचे की माझ्या हातचं झाड असं कधी बसलं नाही.

मग त्यांनी ठरवलं की झाड एकटं आहे म्हणून असं करतं, त्याला जोडीदार पाहिजे. विचार अगदी बरोबर होता. पुढे जे केलं ते मात्र फक्त संत्र्याचा माणूसच करू शकतो. आमच्याकडे चांगलं झाड दिसलं की त्याचाच डोळा काढून शंभर झाडं करतात. सगळी एकसारखी झाली की कलम बांधणाऱ्याची वाहवा. तर बाबांनी नाशपातीच्या बुडातून उपटलेल्या काटेरी फुटींपैकी एक मुळासकट निघालेली होती ती लावली, ती बोटाएवढी झाल्यावर तिच्यावर जुन्या नाशपातीचाच डोळा बांधला, डोळा फुटल्यावर त्या काटेरी रोपाचं डोकं उडवलं, आणि दहा हातांवर दुसरं झाड उभं केलं. आणखी चार वर्षं वाट पाहिली. तेही फुललं. आता दोन झाडं मिळून फुलायची आणि दोन्ही मिळून गाळायची.

आणि मी, जी सौंसरला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, दर माघात येऊन त्या फुलांचे फोटो काढून जायची. दरवर्षी मी फळ्यावर तोच धडा लिहिते, की काही झाडांची फुलं स्वतःचा पराग नाकारतात. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात, मी गुण देते. हा धडा माझ्या माहेरच्या भिंतीला टेकून उभा आहे, हे मला बारा-तेरा वर्षांत सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझ्या डोक्यात धडा म्हणजे पुस्तक आणि नाशपाती म्हणजे आईबाबा, असे दोन वेगळे कप्पे होते.

तोपर्यंत बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन हिवाळ्यात करावं अशी त्यांची समजूत, आणि हिवाळा म्हणजे कलमं बांधायचे दिवस, त्यामुळे ते पुढे ढकलत गेले. मग एका हिवाळ्यात त्यांनी एका रोपवाटिकेत बांधलेले बरेच डोळे उलटे बसले. टोक खाली, बूड वर. मालक भला माणूस, त्यानं काही म्हटलं नाही. फक्त पुढच्या वर्षी बोलावलं नाही. बाबांनी चाकू तेल लावून फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवला. त्या दिवसानंतर ते ऑपरेशनचंही नाव काढेनात. कशाला, म्हणायचे, पाहायचं काय राहिलं आहे.

नाशपातीची फूट काढायचं काम मग आईकडे आलं. बाबा खाटेवरून विचारायचे, काढली का फूट? आई म्हणायची, काढली. चार वर्षं असं चाललं.

मागच्या उन्हाळ्यात नाशपातीला फळं धरली. अकरा. दुसऱ्या झाडालाही दोन लागली. आईनं फोन केला तेव्हा मला वाटलं कोणी गेलं की काय, इतकी तिची धांदल. मी धावत गेले. बाबा खाटेवर बसले होते, मांडीवर ताट, ताटात नाशपातीच्या फोडी, आणि गावातले सात-आठ जण समोर. एकेकाला फोड देत होते आणि सांगत होते की एवढ्या वर्षांत जोडाखाली एक फूट ठेवली नाही, त्याचं हे फळ आहे. हात लावून पाहा, खोड कसं स्वच्छ आहे. लोक मान हलवत होते. बिया त्यांनी कागदाच्या पुडीत वेगळ्या ठेवल्या होत्या, काळ्याभोर, टपोऱ्या.

बिया पाहिल्या आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात वीज चमकली. बी आहे म्हणजे पराग आत पोचला आहे. कोणाचा? मी उठून मागे गेले. झाडाला वळसा घालून भिंतीकडच्या अरुंद बाजूला अंग चोरून शिरले, आणि जागीच थांबले. जोडाच्या खालून एक फांदी निघाली होती, मनगटाएवढी जाड, काटेरी, सरळ भिंतीच्या वर गेलेली. माघात तिची फुलंही पांढरीच, म्हणून माझ्या फोटोंत ती कधी वेगळी दिसली नव्हती. तिच्यावर बोरांएवढी करडी, खडबडीत फळं होती, घोसाघोसांनी. आणि आईची दोन फडकी वाळत होती.

मागून आई आलीच. तिनं माझा हात धरून मला न्हाणीत नेलं आणि दार लावलं.

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी फूट काढायला गेली तर काटा अंगठ्यात रुतला. आठ दिवस अंगठा सुजून होता, भाकर थापता येईना, आणि बाबांनी विचारलं सुद्धा नाही की काय झालं. फक्त विचारलं, काढली का फूट. आईला राग आला. ती म्हणाली, काढली. बाकीच्या काढल्या होत्या, ही एक ठेवली. पुढच्या वर्षी ती अंगठ्याएवढी झाली, विळ्यानं निघेना. त्याच्या पुढच्या वर्षी आरी लागली असती, आणि आरी मागायची तर सांगावं लागलं असतं. खोटंही फांदीसारखंच, कोवळं असताना नखानं खुडता येतं. आई काही खोटं बोलणारी बाई नाही. तिला ते चार वर्षं सलत होतं, अंगठ्यातल्या काट्यापेक्षा जास्त.

आता तिला एकच भीती होती. फळं खाऊन बाबांना हुरूप आला होता आणि त्यांनी स्वतःहून ऑपरेशनचं नाव काढलं होतं. दिवाळीनंतर नागपूरला जायचं ठरत होतं. "पट्टी निघाली का पहिले झाडाकडेच जातीन," आई म्हणाली. "त्याच्या आधी मी ते कापून टाकतो कोणाच्या हातानं."

मी तिला न्हाणीतच उभं करून धडा शिकवला. म्हटलं, ती फांदी कापली तर पुन्हा एक नाशपाती लागणार नाही. तुझ्या रागानंच फळ दिलं आहे. आईला आधी पटेना, मग पटलं, आणि पटल्यावर ती जास्तच रडकुंडीला आली. कारण आता दोन्हीकडून अडचण. कापली तर झाड गेलं. ठेवली तर बाबांना दिसणार की ज्या नियमावर त्यांनी आयुष्य काढलं, ज्याचं नाव घेऊन गावभर फोडी वाटल्या, तो इथे उलटा होता. आणि तो त्यांच्या घरातच मोडला गेला होता. उलट्या बसलेल्या डोळ्यांनंतर त्यांच्याजवळ तेवढाच एक नियम उरला होता. मी आईला वचन दिलं की मी आधी सांगून ठेवीन, तू काही करू नको.

सांगितलं नाही. पावसाळाभर दर रविवारी तोंड उघडायला जायची आणि बाबा म्हणायचे, बस, नाशपातीची गंमत सांगतो. तीच गंमत. माझी जीभ वळायची नाही. वर्गात पन्नास मुलांवर ओरडणारी मी, घरी बापापुढे मांजर.

ऑपरेशन चांगलं झालं. परत येताना आईनं जामसावलीच्या देवळापाशी गाडी थांबवायला लावली आणि नारळ फोडला. कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही. बाबांना वाटलं डोळ्यासाठी. घरी आलो तर बाबा चपला न काढता सरळ मागे गेले. काळा चष्मा लावलेला. आई माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता. पानगळ झालेली, झाड अर्धं उघडं, आणि त्याच्यामागे ती फांदी भिंतीच्या वर काट्यांसकट उभी, लपायला काही नाही. बाबांनी पाहिलं. सवयीनं वाकायला गेले, आणि मी ओरडले की डॉक्टरांनी महिनाभर वाकू नका म्हटलं आहे. ते सरळ झाले. आत येऊन पाणी मागितलं.

मग महिनाभर त्यांनी खुर्ची मागच्या दारात टाकून घेतली. बसायचे आणि त्या फांदीकडे पाहायचे. आईला एक शब्द नाही. आई मला रोज फोन करायची. आज पाहून राहिले, आज दोनदा उठून जवळ गेले, आज जेवले नाही नीट. म्हणाली, "शिव्या देत असते तर बरं झालं असतं. हे असं काहून करून राहिले?" मी काय सांगणार, कप्पाळ.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसले आणि सांगूनच टाकलं. वर्गात सांगते तसं नाही. त्यांना म्हटलं, बाबा, आपल्यात एका आडनावात सोयरीक करत नाही, बरोबर? ते हं म्हणाले. नाशपातीतही नाही करत, आणि ती आपल्यापेक्षा कडक आहे. प्रत्येक झाडाकडे दोन आडनावं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. परागाचा कण त्यातलं एकच घेऊन निघतो. फुलावर बसला की तो एक बारीक नळी खाली सोडतो, बी जिथे धरायची तिथपर्यंत पोचायला. फूल वाटेत आडनाव विचारतं. स्वतःच्या दोनांपैकी एखादं निघालं तर ती नळी अर्ध्या वाटेतच मरते. दोन झाडांचं एक आडनाव सारखं असलं तर निम्मा पराग आत, निम्मा बाहेर. दोन्ही सारखी असली तर कोणीच आत नाही. आणि तुम्ही डोळा बांधून जे दुसरं झाड केलं ते दुसरं नव्हतंच. तेच झाड, तीच दोन आडनावं. आरसा समोर ठेवून लग्न लावलं तुम्ही.

बाबांना हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. ते पुन्हा फांदीकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "मंग मी इतकी वर्षं जे उपटत होतो, ते?"

मी म्हटलं, "तेच स्थळ होतं, बाबा."

 मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, शब्द परत घ्यावे. मी घाईनं म्हटलं की संत्र्याला तुमचा नियम बरोबरच आहे, संत्रा स्वतःच्याच परागानं धरतो, त्याला कोणी लागत नाही, जंबेरीची फूट काढायलाच पाहिजे. ते म्हणाले की ते मला माहीत आहे. मग त्यांनी बियांची ती पुडी मागवली, उघडली, आणि नव्या डोळ्यांनी एकेक बी पाहिली. ह्या सगळ्या त्या काटेरीच्या का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. पुडी खिशात ठेवून ते आत जाऊन झोपले. आई स्वयंपाकघरात सगळं ऐकत होती. मी सौंसरला परत निघाले तेव्हा तिनं मला दारापर्यंतही सोडलं नाही, इतकी ती चिडली होती माझ्यावर.

नंतरच्या आठवड्यात दुपारी वर्गात असताना तिचा फोन आला. तिचा आवाज दबका होता. "तुह्या बाबांनं चाकू मागतला. काय करू?"

मी मुलांना वाचत बसायला सांगितलं, अर्धी रजा टाकली आणि स्कूटी काढली. रस्ताभर मी स्वतःला शिव्या देत होते. फांदी त्यांनी कापली तर ती माझ्यामुळे, माझ्या शहाणपणामुळे. काय गरज होती स्थळ म्हणायची. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे फुललेले, आंबिया बहाराचा वास नाकात जात होता आणि मला त्याचा राग येत होता.

पोचले तर मागच्या अंगणात बाबा दुसऱ्या नाशपातीपाशी स्टुलावर बसले होते. चष्मा कपाळावर. आई समोर उभी, हातात त्या काटेरी फांदीचा बोटभर जाड तुकडा, काटे मोडून साफ केलेला. मूळ फांदी भिंतीवर जशीच्या तशी होती. बाबांनी तुकड्यावरचा एक डोळा सालीसकट चाकूनं उचलला, उजेडात धरला, टोक वर की खाली ते दोनदा पाहिलं. मग चांगल्या नाशपातीच्या छातीएवढ्या उंचीच्या फांदीवर साल चिरली आणि डोळा आत सरकवला.  डोळा सरळ बसला.

मी पायातल्या चपला न काढताच पाहत राहिले. ज्या जातीला हा माणूस जन्मभर बुडातून उपटत आला, तिचाच डोळा तो चांगल्या झाडावर बांधत होता.

माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "खालची फूट ठेवायचीच नाही. वर बांधायची."

म्हणजे नियम जागेवर होता. मी म्हटलं, बरोबर आहे, बाबा. म्हणाले की मोठ्या झाडावरही असेच चार डोळे बांधतो, ते फुलायला लागले की मग भिंतीकडची फांदी काढू, तोवर राहू दे तिला. मास्तरासारखं मला समजावून सांगत होते, जणू धडा त्यांचा आणि विद्यार्थी मी. मी मान हलवत होते आणि डोळे पुसत होते.

मग ते आईला म्हणाले, पट्टी धर. आईनं प्लास्टिकच्या पट्टीचं एक टोक अंगठ्यानं दाबून धरलं, बाबा गुंडाळू लागले. तिच्या अंगठ्यावर तो जुना काळा ठिपका अजून आहे. बाबांचं बोट तिथे आलं आणि थांबलं. जवळून, नव्या डोळ्यांनी, त्यांनी तो पाहिला.

"हा त्या फांदीचाच काटा काय?"

"हो."

"मले सांगितलं नाही."

"तुमी इचारलं नाही," आई म्हणाली.

बाबांनी तिचा अंगठा सोडला नाही. पट्टीचा शेवटचा वेढा त्यांनी तसाच, एका हातानं घेतला.